सुभद्राबाईंच्या हातावरचं पाणी

आमच्या घरी कुणी बाहेरून आलं की आधी पाण्याचा आवाज यायचा आणि मग माणसाचा. ओट्याच्या कडेला काळ्या दगडाची पाण्याची डोण होती. तिच्यावर ठेवलेला पितळी तांब्या दगडाला लागला की आत चुलीपाशी आईला कळायचं, कुणीतरी आलं, भाकरी टाकायला हरकत नाही. पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हात धुतल्याशिवाय ताटाला शिवायचं नाही, चूळ भरल्याशिवाय देवाचं नाव घ्यायचं नाही. हे नियम आण्णांचे. आण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, गावचे सरपंच. वडील मुंबईला गोदीत होते, गणपतीला आणि जत्रेला तेवढे यायचे. त्यामुळे घर आण्णांचं, खाचरं आण्णांच्या ताब्यात, आणि आम्ही मायलेकी आण्णांच्या शब्दात. गावाचं नाव मी लिहीत नाही. पासलीच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत ते अजून आहे, आणि ज्यांच्याबद्दल मी लिहिणार आहे त्यांची नातवंडं तिथं शाळेत जातात.

आण्णांची सकाळ अख्ख्या आळीला ऐकू जायची. राखुंडीनं दात घासणं, घशात बोटं घालून खाकरणं, मग लांब गुळण्या. त्यानंतर ते डोणीपाशी उकिडवे बसायचे आणि मी तांब्या घेऊन उभी राहायचे. लाल साबणाची वडी कोनाड्यात असायची, ती आण्णांची आणि पाहुण्यांची. आम्ही बाया राखेनं हात घासायचो. मी धार धरायची, आण्णा कोपरापर्यंत साबण लावायचे, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या खाली, आणि मला सांगायचे, धार बारीक धर, पाणी काय फुकट येतं का. पाणी गावच्या आडावरून आईच्या डोक्यावर यायचं, हे त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही. जेवण झालं की पुन्हा तेच. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कधी आंबेमोहोराचा भात, आणि शेवटी पुरुषांच्या हातावर पाणी घालायला दारात उभी असलेली मी. पाण्याची धार कशी धरायची हे मला अक्षरं यायच्या आधी येत होतं.

मी सातवीत होते त्या वर्षी आण्णांनी संडास बांधला. आमच्या खोऱ्यात त्याआधी कुणी बांधल्याचं मला आठवत नाही. भोरहून गवंडी आला, पांढरं भांडं एसटीच्या टपावरून गोणपाटात गुंडाळून आलं, आणि ते बघायला लोक डोंगरातल्या वाड्यांवरून उतरून आले. आण्णा त्यांना दार उघडून दाखवायचे. त्यात बसायचे मात्र ते स्वतः आणि घरचे पाहुणे. आम्ही बाया पहिल्यासारख्याच उजाडायच्या आत टमरेल घेऊन रानात. आईनं एकदा विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, बायकांनी वापरला तर खड्डा लवकर भरंल.

खड्डा खणायचा होता तेव्हाचं मला नीट आठवतं, कारण गवंड्याला चहा मीच नेला होता. आमच्या घराच्या मागं जमीन उतरती होती आणि उताराच्या पायथ्याला शाळेची विहीर. गवंडी म्हणाला, "सरपंच, खाली हीर हाय. खड्डा पलीकडं घिऊ." पलीकडं आमचं सगळ्यात चांगलं भाताचं खाचर होतं. आण्णांनी खाचराकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि म्हणाले, मुरूम हाय, काय हुत न्हाई. गवंड्यानं चहा पिऊन कप खाली ठेवला आणि तिथंच खणायला सुरुवात केली.

आता शाळेबद्दल. सरकारकडून पिवळ्या रव्याची पोती आणि तेलाचे डबे यायचे, आणि त्याचं उप्पीट करून पोरांना द्यायचं होतं. पन्नास-साठ पोरांसाठी रोज चूल फुंकायला गावातली कुणी बाई तयार होईना. गुरुजी साताऱ्याकडचे, परके. त्यांनी बौद्धवाडीतल्या सुभद्राबाईंना विचारलं आणि त्या आल्या. मी आज त्यांना सुभद्राबाई म्हणते. त्या वेळी आम्ही पोरंसोरं त्यांना 'अगं सुभद्रा' म्हणायचो. माझ्या आईच्या वयाची बाई, आणि शेंबूड पुसता न येणारी पोरं तिला अरेतुरे करायची. कुणी आम्हाला असं बोलायला मुद्दाम शिकवलं नव्हतं. घरातली मोठी माणसं बोलायची तसं आम्ही बोलायचो.

गावात आठ दिवस कुजबुज झाली. मग गावानंच तोड काढली. बाईनं चुलीवर शिजवलं तर चालेल, कारण विस्तवावर चढलं की विटाळ जळतो. पण पिण्याच्या पाण्याच्या रांजणाला शिवायचं नाही, विहिरीच्या दोराला हात लावायचा नाही. स्वैपाकाला लागणारं पाणी सातवीच्या पोरींनी ओतून द्यायचं, आणि तिला हात धुवायचे असतील तर तेही वरून घालायचं. पाणी ओतायचं काम माझ्याकडं आलं, कारण सरपंचाची पुतणी म्हणून मी सगळ्यांच्या पुढं असायचे आणि धार धरायची मला सवय होती.

सुभद्राबाई शाळेच्या मागं चुलीपाशी यायच्या तेव्हा पदर कमरेला खोचलेला, केस घट्ट बांधलेले. आधी हात. काचेच्या बांगड्या कोपराकडं सारायच्या, ओच्यातून कुटलेल्या रिठ्याची पुडी काढायच्या, आणि मी धार धरली की फेस करून तळवे, मनगटं, कोपरापर्यंत घासायच्या. नखं तर बोटांच्या मांसापर्यंत कापलेली. रवा भाजून झाला की पुन्हा हात. वाढायच्या आधी पुन्हा. मी एकदा वैतागून म्हटलं, किती वेळा धुतीस गं, मला रांजणापर्यंत जावं लागतं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुमा पोरांच्या पोटात काय झालं तर माझंच नाव निघंल, बाय. घाल पाणी."

आण्णांच्या हातावर मी पाणी घालायचे तो मान होता आणि सुभद्राबाईंच्या हातावर घालायचे तो विटाळ. तांब्या तसाच, धार तशीच, उभी राहणारी मीच. बारा वर्षांच्या मला यात काही वावगं वाटलं नाही, याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते. मी नंतर भोरला तीस वर्षं मास्तरकी केली, आणि दर सोमवारी पोरांची नखं तपासायची वेळ आली की मी फळ्याकडं तोंड करून उभी राहायचे. तपासणी मॉनिटर करायचा.

चैत्रात जत्रा झाली. मुंबईचे पाहुणे चार दिवस आमच्या घरी होते. वीसेक माणसं, मटणाचे वाफाळते टोप, आणि संडासापुढं टमरेल घेऊन रांग. पाहुणे गेले आणि सहा-सात दिवसांनी शाळेतली पोरं आजारी पडायला लागली. आधी चार, मग एका दिवसात पंधरा. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. सुभद्राबाईंचा विलास माझ्या वर्गात होता, त्यालाही लागण झाली. आमचा दिलीप, आण्णांचा धाकटा मुलगा, तोही आडवा झाला. वरच्या आळीतली शकू तिसरीत होती. तिच्या बापानं तिला खांद्यावर घेऊन खाली एसटी गाठली, पण भोर यायच्या आधीच ती गेली. तिच्या बापाला शेजारच्या बाईनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. तो तिला उपरण्यानं वारा घालत होता.

गावात एकच वाक्य फिरायला लागलं. तिचे हात. पोरं उप्पीट खाऊन आजारी पडली, आणि उप्पीट तिच्या हातचं.

दिलीपनं उप्पीटाला कधी तोंड लावलं नव्हतं. सरपंचाच्या घरातली पोरं बौद्धवाडीच्या हातचं खात नसत, आम्हाला घरून भाकरी बांधून मिळायची. तो फक्त रांजणातलं पाणी प्यायला होता. गावातले लोक आडाचं पाणी पीत होते, बौद्धवाडी झऱ्याचं, आणि शाळेची विहीर फक्त शाळा वापरत होती. पोरं तेवढी आजारी पडली, मोठं कुणी नाही. हे सगळं मला तेव्हा एका दमात मांडता आलं नसतं, पण दिलीप आजारी आहे म्हणजे उप्पीट नाही, एवढं मला कळत होतं. मी आण्णांना तसं म्हटलंही. त्यांनी अंथरुणावरच्या दिलीपला कान धरून उठवलं आणि चोरून उप्पीट खाल्लं हे त्याच्याकडून वदवून घेतलं. त्याच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तो कशालाही हो म्हणाला असता.

वेल्ह्याहून डॉक्टर आले. त्यांनी विहिरीत पांढरी पूड टाकली, मग मान वर करून उताराकडं बघितलं, आणि आण्णांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. मी ओट्यावर होते. बोलणं ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोन गडी लावून आण्णांनी खड्डा मातीनं बुजवला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, भिंतीला चीर गेली, नव्यानं बांधायचाय. म्हणजे त्यांना कळलं होतं. पोरगी कशानं मेली हे त्यांना त्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरीही त्यांनी गावाची बैठक बोलावली.

बैठकीच्या सकाळी त्यांनी मला डोणीपाशी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, गाव विचारंल, पोरं आजारी पडली त्या दिवशी सुभद्रानं हात धुतलेलं बघितलं का. न्हाई म्हणायचं. बाकी काय बोलायचं न्हाई. मी म्हटलं, पण पाणी मी घातलं होतं. आण्णा माझ्याकडं न बघता टॉवेलनं हात पुसत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या बापाचा हिस्सा अजून माझ्या नावावर हाय. तुझी आई कुठं राहती ते बघ, आन् मग बोल."

शाळेच्या व्हरांड्यात माणसं दाटली होती. आण्णा आणि गावातले चार जण बाकड्यावर, गुरुजी त्यांच्या शेजारी हजेरीपट मांडीवर घेऊन, शकूचा बाप खांबाला टेकून खाली. शकूचा भाऊ मारुती, चौथीतला, त्याच्या पाठीशी उभा. सुभद्राबाई खाली पटांगणात उन्हात उभ्या होत्या, त्यांना वर यायला कुणी सांगितलं नाही. विलास घरी तापानं पडलेला, आणि त्या इथं.

आण्णांनी मला पुढं बोलावलं आणि ठरल्याप्रमाणे विचारलं. मी माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाले, न्हाई.

सुभद्राबाईंचा आवाज मोठा नव्हता. त्या म्हणाल्या, "कुसुम, बाय, पाणी तर तूच घातलंस की."

आण्णा म्हणाले, पोरगी न्हाई म्हणती, लहान लेकरू खोटं कशाला बोलंल. सुभद्राबाईंनी मग गुरुजींकडं बघितलं. गुरुजी रोज खिडकीतून आम्हाला बघायचे, बांगड्यांचा आवाज त्यांच्या टेबलापर्यंत जायचा. त्यांनी हजेरीपटाचं पान उलटलं. मग बाईंनी बाकड्यावरच्या माणसांना विचारलं, "रांजणाला म्या कधी हात लावला का, एवढं तरी सांगा."

बाकड्यावरचा एक जण म्हणाला, हात लावला असता तर हात जाग्यावर ठेवला असता व्हय तुझा. दोघं-तिघं हसले. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की ही बाई पाण्याला कधी शिवली नाही, आणि ज्या गावानं हे ऐकलं त्यातल्या एकाच्याही डोक्यात पुढचं वाक्य आलं नाही. किंवा आलं असेल. आज मला वाटतं, पाच-सहा जणांच्या तरी आलं असेल. त्या माणसांचा मला जास्त राग येतो.

सुभद्राबाईंना दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही असं सांगण्यात आलं. त्यांच्या नवऱ्याला आमच्या भावकीतल्या कुणीच मजुरीला बोलावेना. पाऊस पडायच्या आत ते घर बंद करून पुण्याला गेले. त्यांचं सामान कामथडीपर्यंत एका टेम्पोतून गेलं, असं कुणीतरी सांगितलं. शाळेत त्यांच्या जागी भावकीतली बाई आली. ती येताना गोठ्यातून यायची आणि आल्या आल्या रव्यात हात घालायची. तिला पाणी घालायला कुणी लागत नव्हतं, कारण ती हातच धूत नव्हती. कुणी तक्रार केली नाही.

बैठकीहून घरी आल्यावर आण्णांनी कोनाड्यातला लाल साबण काढून माझ्या हातात दिला. घे, हात धू, जेवायला बस, म्हणाले. त्या घरात मला मिळालेला तो पहिला साबण. मी धुतले. सुगंधी फेस आला, आणि मला तो आवडला. हे लिहिताना अजूनही मान वर होत नाही, पण आवडला होता. आई आतून बघत होती. ताट वाढताना ती हळू आवाजात एवढंच म्हणाली की मला ठाव होतं तू रोज पाणी घालायचीस. तिला ठाव होतं आणि तिनं मला जाऊ दिलं. तिची अडचण मला कळते. नवरा मुंबईत, जमीन दुसऱ्याच्या नावावर. आण्णांचा राग मला लगेच आला, गुरुजींचा थोडा मोठी झाल्यावर. आईचा सगळ्यात उशिरा आला आणि तो ती गेल्यावरही संपला नाही. करोनाच्या दिवसांत फोन लावला की एक बाई आधी हात धुवायला सांगायची. मी फोन ठेवून द्यायचे. घरातल्यांना वाटायचं, म्हातारी चिडचिडी झाली.

गेल्या वर्षी दिलीपचा फोन आला. गावच्या शाळेत हात धुवायला दहा नळांची ओळ बांधली होती, देणगी आमच्या घरानं दिली होती, आणि वर फरशीवर आण्णांचं नाव कोरलं होतं. गावाला स्वच्छता शिकवणारे, असं त्याच्याखाली. उद्घाटनाला मी यावं, निवृत्त शिक्षिका म्हणून दोन शब्द बोलावे. मी कळवते म्हणाले आणि पुण्यात विलासचा पत्ता शोधून काढला. सुभद्राबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. विलासनं मला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि मी त्याला सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, मला माफ कर. तो म्हणाला, "ताई, हे मला कशाला सांगता? आमाला ठावंच होतं. जिथं खोटं बोललात तिथं जाऊन सांगा."

मी गेले. नवीन नळांपुढं पोरं ओळीनं बसली होती, मागं खुर्च्यांवर गाव. माझी पाळी आली तेव्हा मी खड्डा कुठं होता ते बोट दाखवून सांगितलं, गवंडी काय म्हणाला ते, रांजणाचं, दिलीपनं उप्पीट कधी खाल्लं नव्हतं हे. सुभद्राबाईंनी त्या दिवशी तीन वेळा हात धुतले आणि तिन्ही वेळा पाणी मी घातलं, हेही. दिलीप माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माइककडं हात नेला आणि मागं घेतला. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं बोलून झालं, ज्यांचं देणं होतं त्यांना दिलं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उठला. मी त्याला ओळखलं नाही. त्यानं नाव सांगितल्यावर कळलं, तो शकूचा भाऊ मारुती. मी सुभद्राबाईंचा विचार करत आले होते, विलासचा, माझा स्वतःचा. शकूच्या घरात कुणी अजून जिवंत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यानं विचारलं, "आमची शकू हिरीच्या पाण्यानं गेली, हे तुला तवाच ठाव हुतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणाले. "ठाव होतं."

"आमचा बा मरंस्तवर त्या बाईला शिव्या घालत हुता," तो म्हणाला. मग त्यानं खुर्चीखालची पिशवी उचलली आणि पोरांच्या ओळीच्या कडेकडेनं, कुणाला धक्का लागू न देता, तो फाटकाबाहेर गेला.